फोडणी तापली, जंतू मेले, मग उलटी कशाची?

प्रश्न : शनिवारी पाहुणे येणार म्हणून भात जास्त टाकला, आणि ते आलेच नाहीत. उरलेला भात पातेल्यातच झाकून ओट्यावर ठेवला. रविवारी सकाळी हाताने मोकळा केला, कांदा-मिरची-शेंगदाण्याची खमंग फोडणी दिली, झाकण ठेवून चांगली दणदणीत वाफ काढली. भाताला ना वास, ना चिकटपणा. खाल्ल्यावर दोनेक तासांत मला, यांना आणि थोरल्या मुलाला उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत तिघंही ठीक. सासूबाईंनी दूध-भाकरी घेतली होती. त्यांना काही झालं नाही आणि ते त्यांनी आम्हाला दिवसभर ऐकवलं. माझा प्रश्न असा, की एवढं तापवल्यावर जंतू मरत नाहीत का? आणि मरत असतील, तर आम्ही आजारी कशाने पडलो?
ता. क. सासूबाई म्हणतात, ‘आम्ही शिळं खाऊनच वाढलो, आम्हाला कधी काही झालं नाही.’ यावर काय बोलावं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : जंतू मेले होते, ताई. भातात वाढलेल्या जंतूंपैकी त्या वाफेतून क्वचितच कुणी वाचला असेल. तुमची चूक सकाळी कढईत झाली नाही, ती आदल्या रात्री ओट्यावर झाली. मरण्याआधी जंतूंनी भातात जे सोडून ठेवलं होतं ते तुम्ही खाल्लंत, आणि ते फोडणीने जात नाही.

तुमचा भात प्रयोगशाळेत गेलेला नाही, त्यामुळे शपथेवर कुणी काही सांगू शकणार नाही. पण पदार्थ भाताचा, तो रात्रभर बाहेर राहिलेला, दोन तासांत उलट्या, तापाचा उल्लेख नाही आणि संध्याकाळी सगळं शांत, हे वर्णन वाचून सूक्ष्मजीवशास्त्राचा कुठलाही विद्यार्थी एकच नाव घेईल : बॅसिलस सेरियस. ‘सेरियस’ म्हणजे लॅटिनमध्ये मेणासारखा. बशीत वाढवला की याचा थर मेणचट दिसतो म्हणून हे नाव. आपल्या ‘सिरियस’शी त्याचा संबंध नाही, आणि बहुतेक वेळा आजारही तेवढा सिरियस नसतो.

हा मातीतला जीव. भात ज्या खाचरात पिकतो त्या मातीत तो असतोच, म्हणून तांदळाच्या दाण्यावरही असतो. तांदूळ चार पाण्यांनी धुतला तरी सगळा जात नाही. वाईट दिवस आले की तो स्वतःभोवती कवच करून पडून राहतो. या अवस्थेला बीजाणू म्हणतात. उन्हाळ्यात आटलेल्या खाचरात गाडून घेतलेला बेडूक पहिल्या पावसाला बाहेर येतो, तसलाच प्रकार. भात रटरट शिजतो तेव्हा बाकीचे बरेचसे जंतू मरतात, पण हे बीजाणू तग धरतात. इतकंच नाही, त्या उष्णतेने त्यांची झोप चाळवते. पातेलं खाली उतरतं, निवू लागतं आणि हे बाहेर येतात. समोर शिजलेला, ओलसर, मऊ भात, आणि वाटेकरी कुणी नाही.

चिपळूणच्या स्वयंपाकघरात रात्री किती उकडतं हे तुम्हाला मी सांगायला नको. या जंतूला साधारण तिशीतलं तापमान फार मानवतं. त्यात भात पातेल्यातच गच्च आणि वर झाकण. कडेचा भात निवला तरी मधला गोळा कित्येक तास कोमट राहतो. रात्री नवाला ठेवलेला भात सकाळी आठला काढला, तर अकरा तास झाले. त्या अवधीत एकाचे दोन, दोनाचे चार करत ते कुठवर जातात याचा हिशेब घरातल्या शाळकरी मुलाला घालून बघा.

वाढता वाढता यातल्या काही वाणांचे जंतू भातात एक द्रव्य सोडतात. त्याचं नाव सेरेउलाइड. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

विष आणि उष्णता यांचं नातं समजायला अंडं आठवा. अंड्यातला पांढरा बलक हे प्रथिन. त्याचे लांबलचक धागे विशिष्ट पद्धतीने गुंडाळलेले असतात. ताप लागला की ती गुंडाळी सुटते, धागे एकमेकांत अडकतात आणि बलक घट्ट होतो. पुन्हा थंड केला तरी पहिल्यासारखा होत नाही. जंतूंची पुष्कळशी विषंही अशीच प्रथिनं असतात. गुंडाळी सुटली की विष निकामी, कारण त्याची सगळी करामत त्या आकारात असते. सेरेउलाइड मात्र अशा गुंडाळीवर अवलंबून नाही. ती बारा मण्यांची छोटीशी माळ आहे, दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली. सुटायला गुंडाळी नाही आणि पकडायला टोक नाही. प्रयोगशाळेत १२१ अंश सेल्सिअसवर दीड तास ठेवूनही ती टिकते. तुमचा प्रेशर कुकर शिट्ट्या मारतो तेव्हा आतलं तापमान १२०च्या आसपास असतं, म्हणजे तो भात कढईऐवजी कुकरला लावला असता तरी फरक पडला नसता. जठरातलं आम्ल तिला विरघळवत नाही, आणि प्रथिनं कातरणारे आपले पाचकरसही तिच्यापुढे हात टेकतात.

ही माळ पोटात पोचली की तिथून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूला चेतवते. मेंदूच्या तळाशी उलटीचं केंद्र आहे, तिथे निरोप जातो आणि मेंदू हुकूम देतो, बाहेर काढा. म्हणून हे सगळं इतक्या झटपट होतं, अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांच्या आत. पोटात जाऊन जंतूंना वाढायचं असतं तर इतक्या लवकर काही झालंच नसतं. विष आयतं तयार होतं, त्यामुळे वाट बघायचं कारण नव्हतं. आणि मागून पुरवठा करायला जिवंत जंतू फारसे उरलेले नव्हते, म्हणून संध्याकाळी तुम्ही मोकळ्या झालात.

ही गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात आली तीही फोडणीच्या भाताच्याच एका भावंडामुळे. १९७१पासून ब्रिटनमध्ये चिनी उपाहारगृहांत जेवलेली माणसं उलट्यांनी बेजार होऊ लागली. प्रत्येक वेळी बोट फ्राइड राइसकडे. शोध घेतल्यावर दिसलं, की भात मोठ्या प्रमाणावर उकडून रात्रभर बाहेरच ठेवला जाई, कारण फ्रिजमध्ये ठेवलेल्या भाताचे गोळे होतात आणि मग तो परतताना मोकळा होत नाही. सकाळी अंडं घालून भराभर परतला की गिऱ्हाईकापुढे. अगदी तुमचीच कृती, फक्त शेंगदाणे नाहीत.

हे वाचून कुणी म्हणेल, चार उलट्यांनी काय बिघडतं? बहुतेकदा काहीच बिघडत नाही. पण २००८मध्ये ब्रुसेल्समध्ये वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पाच दिवस स्वयंपाकघरात बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ली आणि रात्रीत तो गेला. सेरेउलाइडचा डोस मोठा असेल तर ते यकृतातल्या पेशींची ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच बंद पाडतं. असं फार क्वचित होतं. पण होतं.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे वळतो. ‘भाताला ना वास, ना चिकटपणा.’ अशा पत्रांत हे वाक्य हमखास असतं. मराठीला बिघडलेल्या अन्नासाठी किती शब्द आहेत बघा : दूध नासतं, आमटी आंबते, भाजी विटते, खोबरं खवट होतं, भाकरी बुरसते, उसळीला तार सुटते. प्रत्येक बिघाडाला वेगळं क्रियापद, आणि प्रत्येक क्रियापदामागे कुणाचं तरी नाक, जीभ किंवा बोट. पण जे अन्न दिसायला-चाखायला चांगलं आहे आणि तरीही विषारी आहे, त्याला आपल्याकडे शब्दच नाही. असलाच तर तो घटना घडून गेल्यावरचा : ‘बाधलं’. अन्न नासवणारे जंतू आणि विष करणारे जंतू या पुष्कळदा वेगवेगळ्या जमाती असतात. पहिल्या अन्नाचा वास बिघडवून आपल्याला सावध करतात. दुसऱ्या आपला माग ठेवत नाहीत. मी तर म्हणेन, बुरसलेली भाकरी त्या मानाने प्रामाणिक.

एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांनाही हे उमगलं नव्हतं. सडलेल्या मांसात दुर्गंधी द्रव्यं तयार होतात आणि तीच माणसाला बाधतात, असा समज होता. सेल्मी नावाच्या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने त्यांना ‘टोमेन’ म्हटलं, प्रेत या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. ‘टोमेन पॉयझनिंग’ हा शब्द विसाव्या शतकातही बरीच वर्षं डॉक्टरांच्या तोंडी होता. त्या द्रव्यांना घाण वास येतो खरा, पण आजार त्यांचा नव्हता.

मग जंतू वेगळा आणि त्याचं विष वेगळं, हे कळलं कसं? गाळणीमुळे. जंतू वाढवलेलं पाणी इतक्या बारीक गाळणीतून गाळायचं की एकही जंतू खाली उतरू नये, आणि मग ते निवळ पाणी प्राण्याला देऊन बघायचं. १८८८मध्ये पॅरिसला रू आणि येरसँ यांनी घटसर्पाच्या जंतूंवर हा प्रयोग केला. पाण्यात एकही जंतू नसताना प्राण्यांना घटसर्पाची लक्षणं झाली. अन्नाच्या बाबतीत हीच युक्ती १९३०मध्ये शिकागोत डॅक यांनी वापरली. लोकांना बाधलेल्या क्रीम-केकमधून निघालेले जंतू त्यांनी वाढवले, ते पाणी गाळलं आणि तयार झालेल्या माणसांना पाजलं. माणसं ओकली.

यातला एक प्रयोग आपल्या देशातला आहे, आणि तो शाळेच्या पुस्तकात ठळक छापायला हवा होता. पटकीचा जंतू कॉख यांनी १८८४मध्ये कोलकात्यात पक्का ओळखला. तो विषाने मारत असावा, हा तर्कही त्यांनी केला होता. पण पुढची पाऊणशे वर्षं ते विष कुणाच्या हाती लागलं नाही. जंतूंचा अर्क सशाला टोचून काही होईना. कोलकात्याचेच शंभुनाथ डे यांच्या मनात आलं, की पटकी हा आतड्याचा रोग, तर विष रक्तात टोचून कसं कळणार? त्यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून घेतला आणि त्यात जंतू गाळून काढलेलं पाणी सोडलं. बांधलेलं आतडं पाण्याने टम्म फुगलं. १९५९मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा छोटासा लेख आला. ओआरएसच्या पाकिटामागचा विचार, म्हणजे आतड्याला इजा झालेली नाही, ते फक्त पाणी बाहेर टाकतं आहे, तेव्हा मीठ-साखरेचं पाणी प्यायला द्या, तो या समजुतीशी जोडलेला आहे. डे हयात होते तोवर त्यांच्याच देशात फार थोड्यांना त्यांचं नाव ठाऊक होतं. ते १९८५मध्ये गेले.

भाताकडून आता पेढ्याकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तिथे आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू मातीतला नाही, आपलाच आहे. दर तीन माणसांमागे साधारण एकाच्या नाकात तो सुखाने राहत असतो, आणि बोटावर पिकलेलं गळू किंवा जखम असेल तर तिथे त्याचा सुकाळ. त्याचं विष मात्र खरंखुरं प्रथिन आहे. अंड्याचा नियम त्याला लागू व्हायला हवा, पण त्याची गुंडाळी इतकी घट्ट, की अर्धा तास उकळूनही पुष्कळसं विष शाबूत राहतं. मीठ-साखरेत इतर जंतू गुदमरतात तिथे हा मजेत वाढतो, म्हणून खवा, पेढा, बासुंदी, क्रीमचा केक हे त्याचे लाडके पदार्थ. आणि लागतं तरी किती? एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाचा दहावा हिस्सासुद्धा माणसाला ओकायला पुरतो.

हे प्रथम लक्षात आलं ते बार्बर या संशोधकाच्या, १९१४मध्ये, फिलिपाइन्समधल्या एका गोठ्याशी. तिथलं ताजं दूध-साय घेतली की काही होत नसे, पण काही तास बाहेर राहिलेली साय खाल्ली की त्यांना दर खेपेला मळमळ, उलट्या, जुलाब. कासेला आजार झालेल्या एका गाईच्या दुधातून हा जंतू उतरत होता. बार्बरनी तो वेगळा केला, चांगल्या दुधात वाढवला, आणि ते दूध स्वतः प्यायले. अपेक्षेप्रमाणे आजारीही पडले. जुन्या काळचे संशोधक असल्या बाबतीत फार सरळ होते.

१९७५च्या फेब्रुवारीत टोकियोहून युरोपकडे निघालेल्या विमानात ३४४ प्रवासी होते. वाटेत अलास्कातल्या अँकरेज इथे न्याहारी चढवली गेली, हॅम घातलेलं ऑम्लेट. कोपनहेगन जवळ येईपर्यंत १९६ जण आजारी पडले होते. चौकशीत निघालं, की एका स्वयंपाक्याच्या बोटांवर फोड होते, त्याच बोटांनी त्याने हॅमचे काप रचले होते, आणि थाळ्या तासन् तास पुरेशा गार न ठेवता पडून होत्या. वैमानिकांनी ती न्याहारी घेतली नव्हती, हे नशीब.

पण तुमच्या फोडणीच्या प्रश्नाला सर्वांत जवळची घटना जपानची. २०००च्या उन्हाळ्यात ओसाका परिसरात कमी चरबीचं दूध पिऊन १३ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. देशातल्या सर्वांत मोठ्या दूध कंपन्यांपैकी एकीचं ते दूध, रीतसर पाश्चराइज केलेलं. दुधात जिवंत जंतू शोधले तर सापडेनात. माग काढत तपास होक्काइदो बेटावरच्या दूध पावडरीच्या कारखान्यात पोचला. तिथे काही महिन्यांपूर्वी वीज गेली होती आणि दूध काही तास कोमट राहिलं होतं. तेवढ्यात स्टॅफिलोकॉकसने आपलं काम उरकलं. पुढे दूध तापवलं गेलं, जंतू मेले, पावडर झाली, ती पावडर ओसाकात पुन्हा पाण्यात कालवून पुन्हा तापवली गेली, आणि विष या सगळ्यातून सुखरूप पार पडलं. तुमच्या ओट्यावर एका रात्रीत झालं ते तिथे बंद नळ्यांतून, यंत्रांच्या देखरेखीखाली झालं. तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नका.

म्हणजे तापवणं व्यर्थ? तसं मुळीच नाही, आणि या लेखाचा असा अर्थ कुणी काढला तर माझीच चूक होईल. लग्नाच्या किंवा जत्रेच्या जेवणात मटणाचा रस्सा भल्या मोठ्या पातेल्यात रात्रीच करून ठेवतात. पातेल्याच्या पोटात हवा नाही आणि ऊब मात्र तासन् तास. तिथे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स वाढतो, आणि चांगलं जमलं तर दहा मिनिटांत दुप्पट. पण हा आपलं विष बहुतांशी आपल्या आतड्यात गेल्यावर करतो, म्हणजे त्याला लाखोंनी जिवंत आत जावं लागतं. सकाळी तोच रस्सा खालपासून वरपर्यंत ढवळून खळखळून उकळला तर बाधा टळते. वरवर कोमट करून वाढला तर दुपारच्या जेवणाचे जुलाब रात्री सुरू होतात. उलट्या सहसा नाहीत, पोटात कळा आणि पातळ शौच. तुमचं दोन तासांचं वेळापत्रक आणि याचं आठ ते सोळा तासांचं, यांतला फरक ध्यानात ठेवा.

उलटी-जुलाबाच्या या कुटुंबात न बसणारं एक विष आहे, आणि ते माणसाला ठाऊक असलेल्या विषांत सर्वांत जहाल आहे : बोट्युलिनम. लॅटिनमध्ये ‘बोट्युलस’ म्हणजे सॉसेज. दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गमध्ये खराब सॉसेज खाऊन माणसं दगावत, तिथल्या केर्नर नावाच्या कवी-डॉक्टराने त्याची लक्षणं टिपून ठेवली. या विषाने स्नायूंना हुकूम पोचत नाही. आधी एकाचे दोन दिसतात, पापण्या पडतात, बोबडी वळते, गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू. शुद्ध शेवटपर्यंत जागी. यातली गंमत अशी, की हे सर्वांत भयंकर विष उष्णतेपुढे मात्र दुबळं आहे. दहा मिनिटं नीट उकळलं की संपलं. ते करणाऱ्या जंतूचे बीजाणू मात्र चिवट, त्यांना कुकरातलीच उष्णता लागते. हवा नाही, आंबटपणा नाही, मीठ बेताचं, अशी जागा त्यांना हवी. आपलं लोणचं आंबट आणि खारट असल्यामुळे वाचतं. तेलात बुडवून महिनोन् महिने बाहेर ठेवलेला कच्चा लसूण वाचत नाही. फुगलेला डबा उघडून चाखून बघू नका.

आपल्याकडे हे घडत नाही असं समजू नका. १९९६मध्ये गुजरातमधल्या एका निवासी शाळेतले ३४ विद्यार्थी एकदम आजारी पडले. पोटात दुखणं, मग गिळायला त्रास, डोळ्यांच्या तक्रारी. काही मुलं दगावली. बेसनाच्या शेवेत याच कुळातला दुसरा जंतू निघाला, क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम. शेवेसारख्या कोरड्या, तळलेल्या पदार्थाकडे बोट दाखवलं जाईल, असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

जाता जाता एक गोष्ट आजीबाईंचा राग पत्करून सांगतो. जन्मलेल्या बाळाला मध चाटवू नका, एक वर्षाचं होईपर्यंत मुळीच नाही. मधात बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचं काही वाटत नाही, पण तान्ह्या आतड्यात ते रुजतात आणि विष तिथे तयार होतं. मध शुद्ध आहे की भेसळीचा, घरच्या पोळ्याचा की दुकानातला, याने फरक पडत नाही.

आता ता. क. सासूबाई खोटं बोलत नाहीत. शिळं खाऊनच ती पिढी वाढली, पण शिळं म्हणजे काय, हे त्यांच्याकडूनच विचारून घ्या. शिळी भाकरी, जी कोरडी असते. ताकात कालवलेला भात, जो आंबट असतो. प्रवासाला दशम्या, लाडू, चिवडा, ज्यांत पाणी जवळजवळ नसतं. ओल्या, गोडसर, कोमट अन्नाचं पातेलं रात्रभर झाकून ठेवायची चैन त्यांच्या वेळी फार घरांत नव्हती, उरायलाच नको म्हणून भात मोजून टाकत. आणि कुणाला काही झालं नाही म्हणावं, तर तेव्हाही होत होतं. त्याला पित्त उसळलं म्हणत, नजर लागली म्हणत, किंवा फक्त ‘बाधलं’ म्हणत. रविवारी मात्र त्या बरोबर होत्या. हे त्यांना सांगून टाका, घर शांत होईल.

फोडणीचा भात सोडायचं कारण नाही. मी स्वतः सोडलेला नाही. रात्री जेवणं आटोपली की उरलेला भात परातीत पसरून निववावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावा, लहान डब्यांतून, मोठ्या पातेल्यासकट नाही. थोडा कोमट गेला तरी चालेल. ‘गरम वस्तू फ्रिजमध्ये ठेवू नये’ या नियमापायीच पातेली रात्रभर बाहेर राहतात. फ्रिज विष नाहीसं करत नाही, तो नव्याने होऊ देत नाही एवढंच. तेव्हा सकाळपर्यंत बाहेर राहिलेला भात सकाळी आठवण झाली म्हणून आत ढकलण्यात अर्थ नाही, तो टाकावा. आणि ज्याच्या बोटाला गळू आहे त्याने खव्यात हात घालू नये, मग तो घरचा यजमान का असेना.

डॉक्टरांनी तुम्हाला अँटिबायोटिक दिलं नाही, अशी पत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तक्रार आहे. त्यांचं बरोबर आहे. अँटिबायोटिक जंतूंवर चालतं, आणि तुमचे जंतू कढईतच मेले होते. विषावर ते औषध नाही. अशा वेळी ओआरएस घोट-घोट, आणि विश्रांती. मात्र लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल, उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल, शौचात रक्त असेल, डोळे किंवा कातडी पिवळी दिसू लागली असेल, किंवा दोन-दोन दिसून पापण्या जड होत असतील, तर घरी थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

आणखी एक विनंती. पुन्हा कधी असं झालंच, तर कोणी काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि पहिली उलटी किती वाजता झाली, हे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्या. उरलेलं अन्न फेकून भांडं घासण्याची घाई करू नका. त्यातलं वाटीभर स्वच्छ डब्यात घालून, वर चिठ्ठी चिकटवून फ्रिजमध्ये ठेवा. आम्हाला आलेल्या बहुतेक पत्रांत भांडं आधीच घासलेलं असतं.